बिनफोडणीचं वरण

त्या उन्हाळ्यात आमच्या घराला पाच लग्नं होती. चार नात्यातली आणि पाचवं आमच्या ताईचं. मी बारा वर्षांची होते आणि लग्नांची हावरी होते. कोणत्या मांडवात बुंदी मिळाली आणि कुठे नुसत्या गव्हाच्या खिरीवर भागवलं हे मी अजूनही सांगू शकते. पण त्या उन्हाळ्यानंतर कितीतरी वर्षं मांडवाच्या दाराशी आले की मी तिथेच थबकायची. बायका म्हणायच्या, पोरगी लाजाळू आहे. लाजत कसली, मी भीत होते.

सुरुवात देवीची लस टोचणाऱ्यापासून झाली. चैत्र संपता संपता तो दरवर्षी सायकलवर यायचा, चावडीपुढच्या लिंबाखाली बसायचा, आणि गावातली लेकरं रांगेनं रडायची. मला आणि ताईला लहानपणीच टोचलेलं होतं. आमच्या दंडांवर त्या खुणा होत्या. धाकटा भाऊ अडीच वर्षांचा. आदल्या साली त्याला डांग्या खोकला झाला म्हणून त्याचं राहून गेलं होतं, आणि यंदा नक्की टोचायचं असं ठरलेलं होतं. पण टोचणारा आला तेव्हा पहिलं लग्न चार दिवसांवर होतं. टोचलं की दंड सुजतो, आठ दिवस ताप राहतो, लेकरू किरकिर करतं. असं पोर कडेवर घेऊन लग्नं कोण करणार, असा मायचा विचार.

"याले घिऊन वावरात जाय," ती मला म्हणाली. "तो गेला का मंग ये. पुढच्या साली टोचू."

मी भावाला घेऊन वावरात गेले, दिवसभर आंब्याखाली बसले, त्याला कैऱ्या चाटायला दिल्या. इकडे कोतवाल विचारायला आला तर मायनं सांगितलं की पोरगा मामाकडे गेला आहे. मला त्यात मोठी मौज वाटली. सरकारी माणसाला आपण चकवलं म्हणून मी दोन दिवस तोऱ्यात होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाला माझी फार दया यायला नको.

पहिली तीन लग्नं मजेत झाली. मधे एकदा ताईच्या सासरची माणसं साडी घेऊन आली. ताईची होणारी नणंद आपलं सहा महिन्यांचं बाळ घेऊन आली होती. ते बाळ दिवसभर माझ्याकडेच होतं. त्यानं माझ्या कानातला डूल असा ओढला की मी ओरडले, आणि ते हसलं. ताईला मी सांगितलं की तुझ्या सासरी मला फक्त हे बाळ आवडलं. ताईनं मला चापट मारली. ती त्या दिवसांत सारखी हसत असायची. इतकी खूश मी तिला पुढे कधी पाहिली नाही.

चौथं लग्न मायच्या मावसबहिणीच्या घरचं, केनवडच्या पलीकडच्या एका गावात. आम्ही बैलांची दमणी जोडून पहाटेच निघालो आणि उन्हं चढायच्या आत पोचलो. माय बायकांत कामाला लागली आणि भाऊ माझ्या कडेवर आला. दुपारी तो झोपेला आला, रडू लागला. मांडवात वाजंत्री, धूळ, उकाडा. मी त्याला निजवायला थंड जागा शोधत घराच्या मागच्या अंगाला गेले. तिथे एका खोलीची नुसती कडी लावलेली होती. मी ती काढली आणि आत गेले.

आत अंधार होता, गारवा होता, आणि लिंबाच्या पाल्याचा वास. मला फार बरं वाटलं. मी भावाला खाली उतरवलं. मग हळूहळू दिसायला लागलं. चटईवर लिंबाचा पाला पसरला होता आणि त्यावर चारेक वर्षांचा एक मुलगा पडला होता. त्याच्या तोंडावर फोडांतून बोट ठेवायलाही जागा उरली नव्हती. डोळे चिकटून बंद झाले होते. उशाशी एक म्हातारी हातात लिंबाची डहाळी घेऊन बसल्या बसल्या पेंगत होती.

देवी काय असतात हे मला कोणी सांगायला नको होतं. आमच्या काकूच्या तोंडाची लहानपणीच्या देवींनी चाळण केली होती, आणि तिचं पहिलं लेकरू त्यातच गेलं होतं. मी वळले तोवर भाऊ त्या मुलाच्या चटईवर जाऊन बसला होता. मुलाच्या हाताशी एक लाकडी बैल होता. भावानं तो उचलला आणि सरळ तोंडात घातला.

म्हातारी जागी झाली. तिनं मला नीट पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "कोनाची वं तू?"

मी सांगितलं.

"आता आली तं आली. बाहीर बोलू नोको. पोरगी बोहल्यावर चढून राह्यली. चार घंट्याचा खेळ हाय, होऊन जाऊ दे."

मी भावाला उचललं आणि पळाले. बैल त्याच्या मुठीतच राहिला. तो सोडेना, मी हिसकावला, तो किंचाळला. शेवटी मी तो बैल मागच्या उकिरड्यात खुपसला आणि भावाचे हात रांजणाच्या पाण्यानं धुतले. धुतले म्हणजे घासून घासून लाल केले. तोंड आतून कसं धुवायचं ते मला कळेना.

मग पंगत बसली. पानावर वरण आलं ते नुसतं शिजवलेलं. हळद आणि मीठ, बस. मोहरी नाही, लसूण नाही, मिरची नाही. तळलेलं तर पानात काहीच नव्हतं. पुरुषांच्या पंगतीतून कोणीतरी म्हणालं, "वरनाले फोडनी द्याले तेल सरलं काय भाऊ?" यजमान हसत म्हणाले, "आचारी घाईत इसरला." सगळे हसले. मी मात्र वरण पानाच्या कडेला सारलं. घरात देवी असल्या की कढईत तेल कडकडवायचं नाही, फोडणीचा ठसका देवीला सोसत नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक होतं. त्या घरानं अख्ख्या मांडवाला फसवलं होतं, पण देवीला फसवायची छाती त्यांना झाली नव्हती. माय समोरच्या ओळीत बसली होती. तिनं खाली मान घालून जेवण उरकलं आणि निघायची घाई केली.

परत येताना दमणीत मी भावाला मांडीवर घेतलं होतं आणि माझ्या जिभेवर ते सारखं येत होतं. सांगितलं नाही. का नाही सांगितलं? ताईच्या लग्नाला अठरा दिवस राहिले होते. मी तोंड उघडलं असतं तर लग्न थांबलं असतं. आमच्या भागात एकदा थांबलेलं लग्न म्हणजे मुलीच्या कपाळावर कायमचा डाग. आणि भावाला काही झालं नाही तर? मग मी फुकाची अवलक्षणी ठरले असते. त्यापेक्षा खोलीत शिरलेच नव्हते असं धरून चालावं, असं मी ठरवलं. ठरवून तसं झालं असतं तर काय हवं होतं.

दोन दिवसांनी काकू शेवया करत होती. मी तिच्याजवळ बसून सहज विचारल्यासारखं विचारलं, "काकू, देवीवाल्या घरी कोनी गेलं तं त्याले किती दिसानं निघते?"

काकूचा हात थांबला. "काहून वं?"

"असंच."

"पंधरवडा लागते," ती म्हणाली. "असलं असंच इचारू नाई. नाव घेतलं का येते."

त्या दिवसापासून मला भीतीनं धरलं. सकाळी उठल्याबरोबर मी भावाच्या कपाळाला हात लावायची. त्याला न्हाऊ घालायचं काम मी मायकडून मागून घेतलं, म्हणजे त्याचं अंग पाहता यायचं. डास चावलेला ठिपका दिसला की मी तो बोटानं पुसून पुसून पाहायची. घामोळं उठलं तेव्हा मी गोठ्यात जाऊन उलटी केली. मायला वाटलं, मला ऊन बाधलं. ती मला कैरीचं पन्हं द्यायची आणि मी ते मुकाट प्यायची. घरात ताईच्या लग्नाचं दळण-कांडण चालू होतं, बायका गाणी म्हणत होत्या, हळद कुटत होत्या, आणि मी दिवस मोजत होते. सात झाले, नऊ झाले, अकरा झाले. भाऊ अंगणात कोंबड्यांमागे धावायचा. मला वाटायला लागलं की सुटलो.

बाराव्या दिवशी त्याला ताप आला.

"ऊन लागलं," माय म्हणाली. तिनं त्याच्या तळपायांना कांदा चोळला.

आणि चौदाव्या दिवशी आम्ही तलावावर गेलो. ताईच्या लग्नाआधी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, देवीच्या ठाण्यापुढे रोडगे करायचे, असा मायचा नवस होता. आमच्याकडे घरच्या माणसांनी मिळून बाहेर जाऊन एक दिवस काढायचा म्हणजे रोडगेच. दोन गाड्या निघाल्या. एकीत बाबा, माय, ताई, मी आणि भाऊ. दुसरीत काका-काकू, पीठ, तूप, वांगी आणि गोवऱ्या. उन्हाळ्यानं तलाव आत सरकला होता, कडेला चिखल वाळून भेगाळला होता, पण मध्ये पाणी होतं आणि पाळीवर आंब्यांची गर्द सावली होती. काकांनी गोवऱ्यांचा जाळ केला. जाड दळलेल्या कणकेचे गोळे निखाऱ्यात भाजत पडले. ताईनं आणि काकूनं वांग्याची भाजी केली. बाबा कधी नव्हे ते गुणगुणत होते. घरच्या माणसांचा इतका सुंदर दिवस मला दुसरा आठवत नाही, आणि त्यातलं काहीही मी उपभोगलं नाही. भाऊ मायच्या मांडीवर मान टाकून पडला होता. तापानं त्याचे डोळे चमकत होते.

जेवण झाल्यावर सगळे सावलीत आडवे झाले. काकू घोरायला लागली. ताईनं पदर तोंडावर घेतला होता. बाबा बैल धुवायला पाण्यात उतरले होते. भाऊ चादरीवर झोपला होता आणि माय त्याच्याकडे पाठ करून पडली होती. मी हळूच सरकले, त्याचा सदरा वर केला आणि पोट पाहायला लागले. पोट साफ होतं. छाती साफ होती. मी श्वास सोडला.

"पोटावर नाई निघत आंधी," माय म्हणाली.

ती वळली नव्हती. मला वाटलं, मलाच भास झाला.

"तोंडात पाह्य. टायूवर."

माझ्या हातातून सदरा सुटला. माय उठून बसली. तिनं भावाचं डोकं मांडीवर घेतलं, दोन बोटांनी त्याचा जबडा उघडला आणि उजेडाकडे केला. टाळूवर आणि जिभेवर लाल ठिपके होते. आम्ही दोघींनी ते पाहिले. मायनं तोंड मिटलं आणि त्याच्या ओठांवरची लाळ पुसली.

"तुले कसं ठाऊक?" मी विचारलं.

"वरन खाल्लं तवाच समजली. तू याले घिऊन मांगच्या खोलीतून पयत येतानी मले दिसली होती." ती हळू आवाजात बोलत होती, ताईकडे पाहत. "चार दिस राह्यले. म्या याले घिऊन वावरातल्या कोठ्यात राह्यतो. कोनी इचारलं तं ऊन लागलं मनून सांगाचं. लग्न होऊन जाऊ दे वं. थांबलं तं ते पोरगी कोन करीन?"

चौदा दिवस मी एकटी कुढत होते आणि ती माझ्या शेजारी बसून दाणे निवडत होती. तिला सगळं ठाऊक होतं. मला तिचा इतका राग आला की क्षणभर भीतीसुद्धा गेली. मग भीती परत आली, दुप्पट होऊन. वावरातल्या गुरांच्या कोठ्यात आणि घरात पावलांचं अंतर किती? भाकर कोण नेणार? मीच. आणि मांडवात मीच करवली. नवऱ्याकडची माणसं येणार, नणंद येणार, आल्याबरोबर ते बाळ माझ्याच कडेवर देणार. सहा महिन्यांच्या बाळाला कोण टोचतं?

मी उठले. "कुठी जातं?" माय म्हणाली. मी पाण्याकडे चालायला लागले. तिनं मला पुन्हा हाक मारली नाही. मोठ्यानं हाक मारली असती तर ताई जागी झाली असती.

आमच्या घरात मुली बाबांशी थेट बोलत नसत. जे असेल ते मायच्या तोंडून जायचं. बाबा तापट होते आणि त्यांचा हात जड होता. ते गुडघाभर पाण्यात उभे राहून बैलाची पाठ चोळत होते. मी चिखलातून पाण्यात गेले, परकर भिजला. "बाबा," मी म्हटलं. त्यांनी आधी माझ्या मागे पाहिलं, माय आहे का म्हणून.

मी सगळं सांगितलं. खोली, म्हातारी, लाकडी बैल, टाळूवरचे ठिपके. मी मार खायला तयार होते, मार बसला असता तर बरंच झालं असतं. बाबांचा हात बैलाच्या पाठीवर तसाच राहिला. मग त्यांनी एकच विचारलं.

"तुया मायले ठाऊक हाय काय?"

मी पाळीवर पाहिलं. माय भावाला मांडीवर घेऊन बसली होती आणि आमच्याकडे पाहत होती. खरं सांगितलं तर बाबा तिचं काय करतील ते मला ठाऊक होतं.

"नाई," मी म्हटलं.

बाबांनी अर्ध्या तासात गाड्या जोडल्या. उरलेले रोडगे तिथेच राहिले. काकांना त्यांनी सांगितलं की गावातून जाऊ नका, पांदणीनं, शेतांमधल्या वाटेनं, घरी न्या, आणि ते स्वतः तसेच, ओल्या धोतरानं, ताईच्या सासरच्या गावाला चालत निघाले. निघताना ते मायला म्हणाले, "तू लेकराची माय, तुले समजलं नाई. पोट्टीले समजलं." मायनं पदर पुढे ओढला. ताई गाडीच्या चाकाला धरून उभी होती आणि तिला अजून कळलंच नव्हतं की काय झालं.

बाबा त्या गावात शिरले नाहीत. शिवेवर उभं राहून त्यांनी निरोप पाठवला, त्या घरच्यांना बाहेर बोलावलं, दुरूनच सांगितलं आणि पाणीही न पिता परतले. त्या माणसांनी तेव्हा हात जोडले म्हणे. पुढे महिन्याभरात त्यांचाच निरोप आला की हळद कुटून झालेलं लग्न मोडलं म्हणजे योग नाही. ते बाळ नंतर वाढलं, मोठं झालं, का काय झालं, मला कधीच कळलं नाही.

भाऊ जगला. एकवीस दिवस माय त्याच्या उशाशी बसून होती. त्याचा डावा डोळा गेला आणि तोंड काकूसारखं झालं. ताईचं लग्न दोन वर्षांनी मानोऱ्याकडच्या एका बिजवराशी झालं. माणूस वाईट नव्हता, पण घरात पहिल्या बायकोची मुलं होती आणि त्यांनी तिला कधी आई म्हटलं नाही. ताई माझ्याशी तोडून वागली नाही. तिनं नुसतं माझ्याशी हसणं सोडलं. माय आणि मी त्या दुपारबद्दल कधी एक शब्द बोललो नाही. बाबा चारचौघांत सांगायचे की माझ्या पोरीनं दोन घरं वाचवली, तेव्हा माय उठून आत जायची.

माय गेल्यावर दिवस उरकले आणि मी ताईकडे चार दिवस राहायला गेले. आम्ही दोघी ओसरीवर अंबाडीची भाजी निवडत बसलो होतो. दोघींचेही केस पांढरे झालेले. तिनं भाजीवरून नजर न काढता विचारलं, "खरं सांग. मायले आंधीच ठाऊक होतं काय?"

इतक्या वर्षांनी पुन्हा तोच प्रश्न. माय तर आता कोणाच्याही हाताच्या पलीकडे गेली होती. भिण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी मी भ्याले.

"नाई," मी म्हटलं.

ताईनं हातातली जुडी खाली ठेवली. ती माझ्याकडे बघतच राहिली, आणि मग तिनं तिचा मातीचा हात माझ्या पाठीवरून फिरवला, लहान पोराच्या पाठीवरून फिरवतात तसा.

"म्हंजे एवढे दिस तू एकलीच होती," ती म्हणाली. "एवढीशी पोट्टी, एकलीच भेली. अन् म्या तुयावर राग धरला."

माय आणि मी दोघी होतो, हे मला तिला सांगता आलं नाही. मी भाजी निवडत राहिले.